उरलेलं पाणी

१

"पाच अठ्ठ्याऐंशी," बाबा म्हणाले.

"नीट बघा बाबा. सहा बारा हवं."

"हवं असेल. आहे पाच अठ्ठ्याऐंशी. लिही."

मी लिहिलं नाही. सकाळचे साडेसात वाजले होते, ऊन चढत होतं आणि आठवड्याच्या पहिल्याच झुडपाशी घोडं अडलं होतं. मी काठीच्या टोकावरचा हूक काढून पुन्हा बिल्ल्यात अडकवला, टेप ताणली आणि दात-ओठ खात म्हटलं, "आता?"

"पाच अठ्ठ्याऐंशी."

ओसोयूसच्या बाहेर, द्राक्षमळे संपतात तिथे वाळूची एक सपाट पट्टी आहे. कॅनडात वाळवंट असतं हे आमच्या यवतमाळच्या नातेवाइकांना अजूनही पटलेलं नाही. त्यांच्या मते मी बर्फात संशोधन करते आणि वाळूचे फोटो दुसरीकडून आणून दाखवते. त्या वाळूत अँटिलोप-ब्रश नावाची कंबरेएवढी वेडीवाकडी झुडपं असतात, मधे सुईच्या टोकाचं गवत, खाली जमिनीलगत निवडुंग. ही सगळी मंडळी पाण्याविना एकमेकांच्या आधाराने कशी तग धरतात, हा माझ्या पीएचडीचा विषय. दोन हजार आठ साल, म्हणजे माझं सहावं वर्ष.

आखलेले तुकडे आठ. प्रत्येकाच्या मधोमध एक लोखंडी खुंटी आणि प्रत्येक झुडपाच्या बुंध्याला नंबराचा बिल्ला. दर मे महिन्यात मी काठीने टेपचं टोक बिल्ल्याला लावायचं आणि खुंटीपाशी बसलेल्याने आकडा वाचायचा. मग उंची, मग घेर. यात अंतराचा आकडा नुसता ओळख पटवायला. उंची बदलते, घेर बदलतो. अंतर बदलण्याचं कारणच नाही, झाड काही उठून चालत नाही.

सात नंबरच्या तुकड्यातलं एक्केचाळीस नंबरचं झुडूप मी पाच वर्षं मोजत होते. पाचही वर्षं सहा मीटर बारा.

२

बाबांना मी का आणलं, तर आई गेल्यावर ते एप्रिलमध्ये व्हिजिटर व्हिसावर आमच्याकडे आले आणि बर्नाबीच्या बेसमेंटमध्ये दिवसभर खिडकीतून शेजाऱ्याच्या गाडीची चाकं बघत बसायला लागले. पुष्कर, माझा नवरा, म्हणाला, "अगं, तुझ्यासोबत फील्डवर ने ना त्यांना. त्यांना चेंज मिळेल, तुला असिस्टंट. विन-विन." बाबा छत्तीस वर्षं मोजणी खात्यात होते. त्यांच्या हातात टेप दिली की ते दहा वर्षांनी तरुण दिसायचे, हेही खरं.

पण त्या सोमवारी मला ते काहीच दिसत नव्हतं. शुक्रवारी माझी गाईड मार्गारेट येणार होती. गेल्या वर्षी कमिटीने माझ्या आकड्यांवर बोट ठेवलं होतं. दोन तुकड्यांतले आकडे मागच्या वर्षांशी जुळत नव्हते, चूक माझीच होती, मी बिल्ले अदलाबदल करून लिहिले होते. तेव्हा ठरलं की यंदा मार्गारेट स्वतः येऊन सात नंबरचा तुकडा मोजणार. जुळला तर पुढे. नाही जुळला तर सहा वर्षं वाळूत आणि ऑगस्टमध्ये फंडिंग बंद. डिग्रीशिवाय घरी बसायचं. हे सगळं बाबांना ठाऊक होतं.

"बाबा, तुम्ही टेपला पीळ पडू देता. म्हणून आकडा कमी येतो."

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "बेटा, शेतकरी बांधावर कुऱ्हाडी घेऊन उभे राहायचे. दोन भाऊ, मधे मी. शिव्या खाल्ल्या, एकदा दगडही खाल्ला. पण आकडा चुकला असं कोणी म्हटलं नाही."

"मग मी म्हणते."

ते टेप गुंडाळायला लागले. बोलल्याक्षणी मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा पुन्हा वेगळा राग आला.

३

मंगळवारी मी बाबांना टेपला हात लावू दिला नाही. टेपचं टोक खुंटीलाच बांधलं, फळीवरून एक्केचाळीसपर्यंत गेले आणि आकडा माझ्या डोळ्यांनी वाचला. पाच एकसष्ट.

मी खुंटी हलवून पाहिली. ती काँक्रीटमध्ये पुरलेली, ढिम्म हलली नाही. चाळीस नंबर मोजलं, बरोबर. बेचाळीस, बरोबर. शेजारीपाजारी सगळे जागच्या जागी आणि हेच एक सोमवारपासून सत्तावीस सेंटिमीटर इकडे.

आता त्या वाळूबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. तिच्यावर काळसर, खरखरीत पापुद्रा असतो, दुधावर साय धरावी तसा. शेवाळ, दगडफूल, बुरशी असं मिळून तो बनतो. तो जिवंत असतो आणि एकदा पाय पडून फुटला की वीस-तीस वर्षं भरून येत नाही. म्हणून आम्ही विटांवर टाकलेल्या फळ्यांवरूनच चालतो. पहिल्या वर्षी माझा तोल जाऊन एक पाऊल खाली पडलं होतं. त्या बुटाचा ठसा अजून जसाच्या तसा आहे. खुंटी आणि एक्केचाळीस यांच्या मधे, खुंटीपासून पावणेसहा मीटरवर. दरवर्षी येताना तो दिसायचा आणि मला लाज वाटायची.

त्या दिवशी तो दिसेना. मी फळीवर गुडघे टेकून शोधला. होता, पण झुडपाच्या पलीकडे. एक्केचाळीस माझ्या ठशाच्या अलीकडे येऊन उभं होतं.

कोणी उपटून लावलं म्हणावं, तर बुंध्याभोवती पापुद्रा अखंड होता. एक भेग नाही. आधी जिथे झुडूप होतं तिथेही अखंड. मी स्वतःवर खेकसले, की ऊर्मी, तू शास्त्रज्ञ आहेस, आधी पाणी पी.

दुपारी गाडीत बसून पुष्करला फोन केला.

"तुझा रॉड टिल्ट झाला असेल गं. नाहीतर टेप स्ट्रेच झाली, हीटमुळे."

"टेप ताणली तर बाकीचीही चुकतील ना?"

"मग फुटप्रिंट दुसरा असेल. लिसन, तू झोपतेस का नीट? आय मीन, मार्गारेटचं टेन्शन—"

मी फोन ठेवला. नवऱ्याकडून सहानुभूती हवी असताना ट्रबलशूटिंग मिळालं, की कोणाचंही डोकं फिरेल.

४

फोन ठेवला आणि समोर जे दिसलं त्याने माझा उरलासुरला धीर संपला.

बाबा जेवून उठले होते. सातचा तुकडा गाडीपासून जवळ, त्यामुळे गेले दोन आठवडे आम्ही कुठेही काम केलं तरी डबा तिथेच खायचो. बाबांचा स्टूल खुंटीपाशी. त्यांनी यवतमाळहून आणलेला फिरकीचा तांब्या उघडला, फळीवरून चालत एक्केचाळीसपाशी गेले, वाकले आणि तांब्यातलं उरलेलं पाणी सावकाश त्याच्या बुंध्याशी ओतलं. मग झुडपाला काहीतरी म्हणाले.

मी धावत गेले. "बाबा! काय करताय तुम्ही?"

"उरलेलं पाणी आहे. फेकू नये. झाडाला घालावं."

"रोज घालता?"

"रोजच. तुझी आई नव्हती का घालत तुळशीत? तांब्यात घोटभर उरतं. फेकायचं कशाला, हे बिचारं किती दिवसांचं तहानलेलं."

मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहवत नाही. सहा वर्षं मी या झुडपांना पाण्याविना बघते आहे, तोच तर अभ्यास आहे, आणि तुम्ही तांब्या घेऊन पुण्य कमावताय, असं बरंच. बोलता बोलता मी त्यांच्या हातातून तांब्या ओढून घेतला. सत्तर वर्षांचा माणूस, रिकामे हात पुढे धरून तसाच उभा राहिला.

"मला काय ठाऊक," ते म्हणाले. "आपल्याकडे तर चालतं."

त्यांचा स्टूल उचलून मी तुकड्याच्या पलीकडे, कुंपणाच्या फाटकाशी नेऊन ठेवला. "इथे बसा. कशालाही हात लावू नका."

पाण्याने झुडूप वाढेल, हिरवं होईल, हे मला समजत होतं. पाण्याने झुडूप सरकणार नाही, हेही समजत होतं. पण रागवायला काहीतरी हातात मिळालं होतं आणि ते मी सोडायला तयार नव्हते.

५

बुधवारी सकाळी पाच सत्तर. माझा ठसा बुंध्याच्या अगदी कडेला आला होता.

मी फळीवर बसून राहिले. एक्केचाळीस आता खुंटीपासून लांब चाललं होतं. मी कुठे उभी आहे, खुंटी कुठे आहे, फाटक कुठे आहे, हे वहीच्या मागच्या पानावर काढलं. दोन आठवडे बाबा खुंटीपाशी बसले, तेव्हा ते खुंटीकडे आलं. काल दुपारपासून बाबा फाटकाशी बसले, आणि ते फाटकाकडे वळलं. त्याच्या फांद्याही बघितल्या. वारा ओसोयूसच्या तळ्याकडून येतो, सगळ्या झुडपांची डोकी एका बाजूला झुकलेली. याच्या कोवळ्या फांद्या वाऱ्याच्या तोंडावर फाटकाकडे वळल्या होत्या.

मी हसले. खोटं का सांगू, मला हसू आलं. वडिलांनी पाणी पाजलं म्हणून झुडूप त्यांच्या मागे लागलंय, असं मी कमिटीला सांगते आहे असं डोळ्यांसमोर आलं. मग हसू थांबलं.

इथून मी काय केलं ते सांगते. मी घाबरून बाबांना घेऊन बर्नाबीला निघून गेले असते, तर मुलगी म्हणून शहाणी ठरले असते. पण माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली. सहा बारावर न्यायला अजून बेचाळीस सेंटिमीटर हवेत. हातात दोन दिवस आहेत.

मी फाटकाशी गेले. बाबा पाय जवळ घेऊन बसले होते.

"बाबा, चुकलं माझं," मी म्हटलं. "चला, तुमचा स्टूल त्या पलीकडच्या फळीवर ठेवते. जरा जवळ बरं वाटेल." आणि तांब्या त्यांच्या हातात दिला, काठोकाठ भरून. "जेवण झालं की उरलेलं घाला त्याला. माझी हरकत नाही."

त्यांचा चेहरा इतका उजळला की मला दुसरीकडे बघावं लागलं.

"खरंच? तुझा अभ्यास?"

"अभ्यासाचं मी बघते."

स्टूल कुठे ठेवायचा ते मी टेपने मोजून ठरवलं. खुंटी, जुनी जागा आणि स्टूल एका रेषेत. मोजणीदाराचीच मुलगी आहे मी.

६

गुरुवारी सकाळी पाच चौऱ्याण्णव. माझा ठसा पुन्हा अलीकडे आला होता, जिथे असायला हवा तिथे. मला इतकं हायसं वाटलं की बाकी कशाचा विचार करायला नको वाटलं.

दिवसभर मी शेजारच्या आठ नंबरच्या तुकड्यात काम केलं. अधूनमधून बाबांचा आवाज यायचा. आईशी बोलायचे तसे, हळू, थांबत थांबत, मधे उत्तराला जागा सोडून. काय बोलतात ते ऐकायला मी गेले नाही. दुपारनंतर आवाज थांबला. झोप लागली असेल म्हटलं.

चार वाजता जाऊन मोजलं. सहा मीटर बारा, एक मिलिमीटर इकडे नाही की तिकडे नाही.

"बाबा, जमलं!" मी ओरडले. "चला, आता आवरायचं. इथे आणखी बसायचं नाही, लगेच निघायचं."

ते हलले नाहीत. स्टुलावर बसूनच मान वळवली. "बस ना बेटा जराशी. किती गार आहे इथे."

पारा अडतीसवर होता. मी फळीवरून त्यांच्यापर्यंत गेले. त्यांचे पाय फळीवर नव्हते. पापुद्र्यावर पाय पडू नये म्हणून दोन आठवडे माझ्याहून जास्त जपणारे बाबा, पाय खाली सोडून बसले होते. पापुद्रा कुठेही फुटला नव्हता. तो त्यांच्या पायांभोवती अखंड होता, आणि त्यांच्या पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांवर लेसपर्यंत चढलेला होता. काळा, खरखरीत, मधे मधे दगडफुलाचे करडे ठिपके. वीस-तीस वर्षांचा.

मी त्यांच्या काखेत हात घालून ओढलं. पापड मोडावा तसा आवाज झाला. ते एकदाही ओरडले नाहीत. नुसते मोज्यांवर उभे राहिले आणि मोजे घोट्यापर्यंत ओले चिंब होते. बूट मागेच राहिले. ते काढायला मी वाकले नाही.

गाडीत बसल्यावर बाबांनी तांब्या मागितला.

७

शुक्रवारी बाबा मोटेलवर झोपून होते. मार्गारेट दहाला आली. तिने सात नंबरचा सगळा तुकडा स्वतः मोजला, मी नुसते आकडे लिहिले. एक्केचाळीसपाशी ती फळीवर वाकली आणि बराच वेळ बघत राहिली.

"हा पापुद्रा किती सुंदर राखलायस तू," ती म्हणाली. "इथे वर्षानुवर्षं कोणी पाऊल ठेवलं नाहीये. पर्फेक्ट, ऊर्मी."

पलीकडच्या फळीखाली, जिथे काल बाबांचे पाय होते, तिथे मी पाहिलं. ना खड्डा होता, ना बूट. काळी साय, सलग.

तिने तिथेच गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली. सहा वर्षं मी त्या सहीची वाट बघत होते. ती मिळाल्यावर माझ्या मनात आलं, की बाबा म्हणाले होते तसं सोमवारीच पाच अठ्ठ्याऐंशी लिहिलं असतं, तर फार तर डिग्री गेली असती.

८

आता जून संपत आला आहे. बाबांचं तिकीट आम्ही पुढे ढकललं. ते चालत नाहीत. वॉक-इन क्लिनिकमधल्या डॉक्टरने तळपायांवरचा काळसर थर पाहून ड्राय स्किन म्हटलं आणि लोशन दिलं. पुष्कर म्हणतो, "ही इज ग्रीव्हिंग, ऊर्मी. आई गेल्याचं आत्ता बाहेर येतंय. गिव्ह इट टाइम." तो रात्री बाबांना उचलून पलंगावर नेऊ पाहतो, बाबा नको म्हणतात. खुर्चीतच बरं आहे म्हणतात.

बेसमेंटमध्ये ही एकच मोठी खोली. आतल्या भिंतीशी माझं टेबल, तिथे मी शेवटचं प्रकरण लिहिते. समोरच्या भिंतीला मागच्या अंगणात उघडणारं काचेचं दार, पूर्वेकडे, म्हणजे ओसोयूसच्या बाजूला. बाबांची खुर्ची आम्ही मधोमध ठेवली होती. पहिल्या रविवारी पुष्करने व्हॅक्यूम केलं. सोमवारी सकाळी कार्पेटवर व्हॅक्यूमचे पट्टे जसेच्या तसे होते, एक पाऊल नाही, खुर्ची ओढल्याची एक रेघ नाही, आणि खुर्ची दाराच्या वीतभर जवळ. बुधवारी दोन हात जवळ. परवा बाबांचे गुडघे काचेला टेकले होते.

पुष्करला मी सांगितलं नाही. तो खुर्चीला चाकं आहेत का बघेल.

परवा दुपारी जेवण झाल्यावर बाबांनी तांब्यातलं उरलेलं पाणी, नेहमीच्या सावकाश हाताने, स्वतःच्याच पायांवर ओतलं. कार्पेट ओलं झालं नाही.

"फेकू नये," मला म्हणाले, जरा ओशाळून.

मी त्यांच्याजवळ जमिनीवर बसले. रागवायचं कोणावर ते कळत नव्हतं, आणि रागाशिवाय मला काही करता येत नाही. मग त्यांच्या हातातून तांब्या घेतला, या वेळी हळूच. माझ्या ग्लासातलं उरलेलं पाणी आणलं आणि त्यांच्या पायांशी घातलं. आईबद्दल बोलले, यवतमाळबद्दल बोलले, मधे उत्तराला जागा सोडून. मग टेबलाशी जाऊन बसले आणि संध्याकाळपर्यंत तिथून उठले नाही. काल पुन्हा तेच केलं.

बाबांपासून टेबलाच्या पायापर्यंत परवा सहा मीटर बारा होतं. आज सकाळी टेपचं टोक त्यांच्या बुशशर्टच्या बटणाला अडकवलं, टेबलापाशी आले आणि ओणवी होऊन बघितलं. काल रात्री मी व्हॅक्यूम केलं होतं, त्याचे पट्टे खुर्चीभोवती अखंड होते.

"किती?" बाबांनी विचारलं.

"पाच अठ्ठ्याऐंशी."

"लिही," ते म्हणाले.

मी लिहिलं.